डोंगराचा देश आणि गाड्यांचा मेळ

अणदूरच्या खंडोबाला दोन घरे आहेत. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मूर्ती एकच, देवळे दोन. देव कधी निघायचा आणि कधी परतायचा हे दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये ठरते, त्याचा लेखी करार होतो. पौष पौर्णिमेच्या यात्रेला लांबून येणारा भाविक या ठरावाच्या भरवशावर घर सोडतो; देव सध्या कुठल्या देवळात आहे याची चौकशी करत त्याला वाटेत थांबावे लागत नाही. वेळापत्रक म्हणजे मुळात हेच. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना आधीच दिलेला आणि पाळलेला शब्द. डोंगराळ मुलुखातला प्रवास अशा शब्दावर किती अवलंबून असतो, हे समजून घ्यायला स्वित्झर्लंडसारखा दुसरा देश नाही. आणि तो समजला की आपल्या सह्याद्रीत आणि बालाघाटात नेमके काय कमी पडते तेही स्पष्ट दिसू लागते.

मराठी माणसाच्या मनातला स्वित्झर्लंड यश चोप्रांच्या चित्रपटांनी आणि सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी घडवला आहे: बर्फ, हिरवी कुरणे आणि छतापर्यंत काचा असलेली लाल गाडी. या चित्रात खोटे काही नाही. झरमॅट ते सेंट मॉरित्झ धावणारी ग्लेशियर एक्सप्रेस सुमारे आठ तासांत २९१ पूल आणि ९१ बोगदे ओलांडते. बर्निना मार्ग कोणत्याही दातेरी रुळाच्या मदतीविना समुद्रसपाटीपासून २,२५३ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि तिथून इटलीतल्या तिरानो गावात ४२९ मीटरपर्यंत उतरतो. त्याचा चढ काही ठिकाणी शंभर मीटरला सात मीटर इतका आहे. मात्र हा देश पाहायला निघालेल्या माणसाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. बर्निना एक्सप्रेस नावाच्या काचेच्या गाडीला आरक्षण लागते, त्याचे जादा पैसे मोजावे लागतात. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून आणि त्याच हिमनदीच्या कुशीतून दिवसभर साध्या स्थानिक गाड्याही धावतात. त्या खोऱ्यातल्या छोट्या स्थानकांवर थांबतात. शाळेची मुले, बाजाराला निघालेली माणसे त्यांत चढतात-उतरतात. प्रवाशाने मधेच उतरून तळ्याकाठी दोन तास घालवले तरी काही बिघडत नाही, कारण मागून पुढची गाडी येणार असते. काचेच्या गाडीत बसणारा डोंगर पाहतो. साध्या गाडीत बसणारा त्या डोंगरात वावरतो. हा फरक खिडकीच्या आकाराने पडत नाही, पुढच्या गाडीच्या खात्रीने पडतो.

ही खात्री आपोआप आलेली नाही. १९८२ च्या मे महिन्यात स्विस रेल्वेने देशभर ठरावीक अंतराचे वेळापत्रक लागू केले: प्रत्येक मार्गावर दर तासाला, रोज त्याच मिनिटाला गाडी. सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी सुटणारी गाडी नऊ चारला, दहा चारला, रात्रीपर्यंत तशीच सुटणार. प्रवाशाने फक्त एक मिनिट लक्षात ठेवायचे. पण खरी करामत पुढच्या पायरीत आहे. ६ डिसेंबर १९८७ रोजी स्विस मतदारांनी ‘बान २०००’ या योजनेला सार्वमताने मंजुरी दिली आणि डिसेंबर २००४ मध्ये तिचा मोठा टप्पा पूर्ण झाला. तिचे सूत्र विलक्षण आहे. मोठ्या स्थानकात सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या थोड्या आधी येतात आणि ठोक्यानंतर थोड्या वेळाने सुटतात. मधल्या मिनिटांत कुणालाही कुठल्याही गाडीतून कुठल्याही गाडीत जाता येते. हे जमायचे तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास एका तासाहून थोडा कमी असला पाहिजे. बर्न ते झुरिक हा प्रवास तासाच्या आत बसवण्यासाठी नवा मार्ग बांधला गेला. तो तासात बसला आणि तिथेच वेगाची गरज संपली. आधी वेळापत्रक काढले आणि मग त्याला हवा तेवढाच लोहमार्ग बांधला. जगात बहुतेक ठिकाणी आधी मार्ग बांधतात, गाडीचा वेग वाढवतात आणि शेवटी प्रवासी पुढे कसा जाईल याचा विचार करतात. डोंगरात ही उलटी रीत महागात पडते. सपाटीवर एक गाडी चुकली तर दुसरा रस्ता असतो. खोऱ्याला मात्र तोंड एकच असते. तिथे शेवटची गाडी चुकली तर रात्र तिथेच काढावी लागते.

रेल्वे जिथे संपते तिथून पिवळी पोस्टाची बस सुरू होते. टपाल खात्याने १९०६ मध्ये बर्नहून पहिली मोटारबस सोडली आणि घोडागाड्यांची जागा हळूहळू मोटारींनी घेतली. अवघड घाटवळणांवर या बसचा तीन सुरांचा भोंगा आजही वाजतो; ते सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरातून घेतलेले आहेत. कूर गावात बसस्थानक थेट रेल्वेच्या फलाटांवरच्या मजल्यावर आहे. गाडीतून उतरा, जिना चढा, बस उभी असते. या व्यवस्थेमागे नुसती टापटीप नाही, कायदाही आहे. वर्षभर किमान शंभर माणसे राहत असतील अशा वस्तीपर्यंतच्या सार्वजनिक वाहतुकीचा तोटा सरकार वाटून घेते. शंभर माणसे म्हणजे आपल्याकडची एखादी वाडी. ट्रेन, बस, सरोवरातल्या बोटी आणि शहरांतल्या ट्रॅम या सगळ्यांना एकच पास चालतो, आणि १८९१ पासून निम्म्या भाड्याचे कार्डही आहे. परदेशी प्रवाशाला जे सौंदर्य म्हणून भावते ते त्या शंभर माणसांचा रोजचा हक्क आहे. पर्यटक त्या हक्कावर चार दिवस पाहुणा म्हणून बसतो, एवढेच.

इथे पहिला आक्षेप येतो: तो श्रीमंतांचा देश, त्यांना परवडते. इतिहास मात्र वेगळी गोष्ट सांगतो. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर चढली. आल्प्स ओलांडणारी ब्रेनर खिंडीतली रेल्वे १८६७ मधली, गोठार्डचा बोगदा १८८२ मधला आणि युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे, म्हणजे रिगीची, १८७१ मधली. ऑस्ट्रियातला सेमरिंग घाट (१८५४) सोडला तर सह्याद्री या सर्वांच्या आधी रुळांवर आला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि कडा इतका उभा की एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटी फिरवावी लागे. हे काम करताना साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत, हे या घाटातून जाताना आठवायला हवे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. या काळातली एक गोष्ट आपल्या विषयाला अगदी नेमकी लागू पडते. पुण्याकडचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली, पण घाट अजून अपुरा होता. त्यामुळे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने खंडाळ्याला चढत आणि तिथून पुढची गाडी धरत. महाराष्ट्रातला रेल्वे आणि रस्त्याचा पहिला मेळ असा गरजेतून जमला होता, आणि रेल्वे कंपनीने ती आपली जबाबदारी मानली होती.

यंत्रांच्या बाबतीतही आल्प्स आणि सह्याद्री एकाच कुळातले आहेत. घाटाचे विद्युतीकरण झाले तेव्हा त्यासाठी आलेल्या इंजिनांपैकी पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावातल्या कारखान्यात बनलेली होती. आल्प्समध्ये त्यांच्या भावंडांना लोक ‘मगर’ म्हणत. वळणावर अंग मुडपत, कण्हत चालणारी ती चाल पाहून आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. पुढे कित्येक दशके त्यांनी याच घाटात गाड्या ओढल्या आणि ढकलल्या. माथेरानचे साम्य तर याहून जवळचे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधलेली नेरळ–माथेरान ही दोन फुटी रेल्वे सुमारे एकवीस किलोमीटरांत डोंगरमाथा गाठते. माथेरानात मोटारींना बंदी आहे. झरमॅटमध्येही खासगी मोटारींना प्रवेश नाही. पाहुण्याने गाडी खालच्या टेश गावात ठेवायची आणि दर वीस मिनिटांनी सुटणाऱ्या रेल्वेने वर जायचे. दोन्ही गावांचा निर्णय एकच, परिणाम मात्र वेगळे. झरमॅटची रेल्वे गावाचा दरवाजा आहे, तिच्यातूनच सगळे येतात-जातात. माथेरानची पूर्ण मार्गावरची गाडी दिवसाला मोजक्या फेऱ्या करते आणि पावसाळ्यात बंद राहते. म्हणून बहुतेक लोक टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जातात आणि गाडीत बसणे हा एक वेगळा कार्यक्रम होऊन बसतो. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला आणि २००७ पर्यंत गाडी बंद राहिली, यावरून सह्याद्रीतल्या पावसापुढे रूळ राखणे किती कठीण आहे हे कळते, आणि ही अडचण खरी आहे. तरीही फेऱ्या थोड्या असल्या की गाडी हळूहळू खेळणे बनते आणि खेळण्यावर खर्च करायला कुणी राजी नसते, हे दुष्टचक्र केवळ पावसाने फिरत नाही.

अणदूरच्या माणसाला याहून जवळचा दाखला बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे म्हणणे असे की, डब्याच्या आणि इंजिनाच्या प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ दिला नाही तर अडीच फुटांच्या हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येतो, आणि गरीब मुलुखाला परवडेल अशी रेल्वे उभी राहते. १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ही गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. लातूरकडे जाताना बार्शीपुढे येडशीच्या बाजूला ती बालाघाटाचा कडा चढत असे. हीच दशके स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात एक मीटर रुंदीच्या स्वस्त डोंगरी रेल्वेची होती: लांडक्वार्टहून दावोसला गाडी १८९० मध्ये पोचली. म्हणजे स्वस्त आणि अरुंद रुळांनी डोंगर जोडायचा विचार दोन्हीकडे एकाच वेळी रुजला. मग फरक कुठे पडला? दावोसला जाणारा प्रवासी आजही लांडक्वार्टला गाडी बदलतो, कारण तिथे रुंद रूळ संपून अरुंद रूळ सुरू होतात. ती मीटर गेज अजून आहे आणि तिच्या काही भागाला २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याकडे मात्र गेज बदलावे लागणे हाच अडथळा ठरला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात संपूर्ण मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. नवा मार्ग धाराशिव शहरातून काढल्याने जिल्ह्याचे ठिकाण प्रथमच रेल्वेवर आले. लातूरहून मुंबईला थेट गाडी आली, मालाची चढउतार वाचली, हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण लांडक्वार्टचा धडा असा की माणसाला गाडी बदलण्याचा त्रास होत नाही, ताटकळण्याचा होतो. समोरच्या फलाटावर गाडी उभी असेल आणि पाच मिनिटांत सुटणार असेल, तर रूळ अरुंद आहेत की रुंद हे प्रवाशाच्या लक्षातही येत नाही. सगळी गावे थेट गाडीने जोडणे कुठल्याच देशाला शक्य नसते. मेळ नीट जमला तर थेट गाडीचा हट्ट सुटतो.

आणि हा मेळ आपल्या भागाला अपरिचित नव्हता. अणदूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९३२ मध्ये सार्वजनिक बससेवा सुरू झाली ती रेल्वेच्याच एका विभागाने, सत्तावीस गाड्यांनिशी. रेल्वे आणि मोटार एकाच छत्राखाली असावी ही कल्पना निजामाच्या राज्यात त्या काळी प्रत्यक्षात होती. मुंबई प्रांतात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी धावली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्यातली बससेवा या मोठ्या कुटुंबात आली; रेल्वेपासून बस त्याआधीच वेगळी झाली होती. एसटीने पुढे जे केले त्याला तोड नाही. संध्याकाळी गावात येऊन रात्रभर थांबणारी आणि पहाटे तालुक्याला सुटणारी मुक्कामी गाडी ही, माझ्या मते, स्विस पोस्टबसच्या तोडीची सामाजिक कल्पना आहे. कित्येक मुलींचे कॉलेज त्या एका गाडीवर अवलंबून राहिले. ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास एसटीकडे १९८८ पासून आहे. स्विस पासची कल्पना आपल्याला नव्याने शिकायची नाही, ती आपल्या आगाराच्या खिडकीवर मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. मात्र या पासवर रेल्वेत बसता येत नाही, रेल्वेच्या तिकिटावर एसटीत चढता येत नाही, आणि दोघांची वेळापत्रके परस्परांना विचारून केलेली नाहीत. सोलापुरात रेल्वे स्थानक एका जागी आणि एसटी स्थानक दुसऱ्या. कोकण रेल्वेची कितीतरी स्थानके गावापासून किलोमीटरभर लांब माळावर आहेत, आणि अपरात्री उतरलेल्या माणसाला रिक्षाच्या मागणीपुढे मान तुकवावी लागते. विस्टाडोमच्या काचेतून घाट पाहणे छान आहे. २०२१ पासून मुंबई–पुण्याच्या गाड्यांना तसे डबे लागले आहेत. पण खिडकीवर आपण खर्च केला तेवढा विचार उतरल्यानंतरच्या दहा मिनिटांवर केलेला नाही.

आता उरलेले आक्षेप. बोरघाटातली रेल्वे लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांनी भरलेली आहे, तिथे दर तासाला ठरल्या मिनिटाची गाडी कशी बसवणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच सुरुवात तिथून करू नये. कुर्डुवाडी–लातूरसारख्या विरळ मार्गावर करावी. दर तासाच्या जाळ्यात मेळ चुकला तर तास जातो, विरळ मार्गावर चुकला तर दिवस जातो. म्हणजे जिथे गाड्या थोड्या तिथेच मेळाची किंमत सर्वांत जास्त असते, आणि तो जमवायला नवा रूळ लागत नाही, बसची वेळ हलवावी लागते. दुसरा आक्षेप असा की आपल्या गाड्या उशिरा येतात, बस किती थांबणार? स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी वेळेवर धरतात; आपल्याला ते माप लावण्यात अर्थ नाही. बस गाडीनंतर अर्ध्या तासाने सुटेल आणि गाडीची खबर वाहकाच्या फोनवर येईल, असे ठरवता येते. अर्धा तास जास्त लागला तरी चालेल, पण तो नक्की असला पाहिजे. ‘बान २०००’साठी अब्जावधी फ्रँक लागले हे मान्य; पण पैसा मुख्यतः मार्गाला लागला, ठरावाला नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ही जागा वडापच्या जीपने केव्हाच भरून काढली आहे. ती भरली, आणि अनेक गावे तिच्यावर जगतात हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण वडाप भरली की सुटते. ती कुठे उभी असते, संध्याकाळी शेवटची केव्हा जाते, हे ज्ञान त्या गावच्या माणसाचे असते. परक्या प्रवाशाला, एकट्या बाईला, आजारी म्हाताऱ्याला ते उपयोगी पडत नाही. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसालाही डोंगराळ मुलूख उघडा असायला हवा, तेव्हाच तो पर्यटकाला उघडा होतो.

अणदूर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे, सोलापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. शेजारी नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरच्या धरणभिंतीतला पाणीमहाल आणि पावसाळ्यात भिंतीवरून कोसळणारे नर-मादी धबधबे, पलीकडे तुळजापूर. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली. तो अणदूरमधून जात नाही. म्हणून तो अणदूरसाठी किती कामाचा, हे रुळांवरून ठरणार नाही. तुळजापूरला गाडी थांबेल तेव्हा बाहेर नळदुर्ग, अणदूर, उमरग्याची एसटी उभी असेल की नाही यावरून ठरेल. तोवर परीक्षेचा प्रश्न सोलापुरातच आहे. फेब्रुवारी २०२३ पासून तिथून मुंबईला वंदे भारत सुटते, पहाटे सहाच्या सुमारास. ती बोरघाट भर दिवसा, मोठ्या काचांतून दाखवत उतरते. मराठवाड्याच्या या टोकाला याहून देखणी गाडी मिळणार नाही. रात्री ती उशिरा सोलापुरात परतते. अणदूरच्या थांब्यावर पहाटे चारला उभ्या राहिलेल्या माणसासाठी त्या गाडीशी बांधलेली बस ठरवायची, आणि रात्री परतणाऱ्यासाठी रेल्वे स्थानकाच्याच दारात दुसरी. दोन फेऱ्या आहेत, एका आगाराच्या नियोजनात बसतील एवढ्या.